तिसरी थाप

रविवारी दुपारची जेवणं आटोपली तसं थोरल्यानं टेबल पुसून घ्यायला सांगितलं, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि धाकटीसमोर उलगडून ठेवला. त्यावर पेन ठेवलं. मग तिचा उजवा हात गळ्यात अडकवलेला आहे हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्यानं पेन उचलून तिच्या डाव्या हाताशी सरकवलं.

"डाव्या हाताची सही चालते," तो म्हणाला. "मी विचारून घेतलंय."

अपघाताला अकरा दिवस झाले होते. घराखालच्या बाइंडिंगच्या कारखान्यात, पुस्तकं दाबायच्या यंत्राच्या फळीखाली, थोरल्याच्या या भावजयीची, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोची, दोन बोटं सापडली होती. तर्जनीचं वरचं पेर गेलं. मधलं बोट वाचलं, पण ते पुन्हा वळेल का, हे बँडेज सुटल्याशिवाय सांगायला डॉक्टर तयार नव्हते. सोमवारी सकाळी कारखाना निरीक्षक चौकशीला यायच्या होत्या. त्याआधी घरातल्या पाचही जणांचं एकमत व्हायला हवं, असं थोरल्याचं म्हणणं.

जबाबात चारच ओळी होत्या. रोबो नेहमीप्रमाणे काम करत असताना माझा हात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे फळीखाली राहिला; याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. थोरलीनं, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, शनिवारीच तो नवऱ्याच्या सांगण्यावरून छापून ठेवला होता. छापताना 'स्वतःच्या' हा शब्द तिला नको तितका वाटला होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' एवढंही पुरलं असतं. पण नवरा म्हणाला, राहू दे, आणि तिनं राहू दिला. बारा हजार शब्दकोशांचं काम हातात होतं, शाळा उघडायच्या आत ते पोचवायचं होतं, आणि यंत्राला सील लागलं तर सगळंच बसणार होतं. जावेशी तिचं बरं होतं. पण वेळ आली की घर आधी, हे ती वीस वर्षं स्वतःला सांगत आली होती, आणि आता तेच तिनं धाकटीला समजावून सांगितलं. एका सहीचा प्रश्न आहे. चूक तुझी आहे असं या घरात कोणालाच वाटत नाही.

"मग जे कोणालाच वाटत नाही ते लिहायचं कशाला, वहिनी?" धाकटीनं विचारलं.

थोरली उठून चहाचं आधण ठेवायला गेली, आणि आधण ठेवता ठेवता मागचं बोलणं ऐकत राहिली.

धाकटी आवाज न चढवता बोलत होती. गेले अकरा दिवस ती सांगत होती तेच पुन्हा सांगत होती, फक्त आज तिनं ते पहिल्यापासून सांगितलं. खालच्या लांब टेबलावर ती आणि आणखी तीन बायका मिळून चौघी काम करत. चार वर्षांपूर्वी रोबो आला तेव्हा बायकांनी त्याला पाचवा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. त्याचं काम म्हणजे फर्म्यांचा, म्हणजे छापून घडी घातलेल्या कागदांचा, गठ्ठा यंत्राखाली सरकवायचा, बाई कडा ठोकून सारख्या करेपर्यंत थांबायचं आणि तिचे हात बाहेर आले की फळी खाली आणायची. प्रत्येकीच्या मनगटाला एक पट्टा असे. पट्ट्यावरून पाचवा माणूस ओळखायचा आणि त्या माणसाची रीत शिकायचा. अनोळखी हातांपुढे तो पुरतं बघून मगच हलायचा. ओळखीच्या हातांवर विश्वास ठेवून अर्धा क्षण आधी निघायचा. त्या अर्ध्या क्षणासाठीच तर तो आणला होता.

"मी तीन थापा मारते," धाकटी म्हणाली. "डावी कड, उजवी कड, मग पाठ. चार वर्षं. हिवाळ्यात माझं मनगट धरायचं तेव्हा त्यानं आपणहून वेग कमी केला होता, कोणी सांगितलं नव्हतं. तिसरी थाप पडल्याशिवाय फळी कधी हलली नाही. त्या दिवशी दुसरीलाच आली."

थोरला म्हणाला, यंत्र आहे, चुकतं कधीतरी.

"मग यंत्र चुकलं असं लिहा."

ते लिहिता येणार नाही, हे थोरल्यानं पुष्कळ शांतपणे समजावलं. यंत्रात दोष निघाला तर तीन महिने सील. माणूस चुकलं तर निरीक्षक समज देतात, एक फलक लावायला सांगतात आणि निघून जातात. तिचा पगार चालूच राहणार होता. औषधपाणी कारखाना करणार होता. तिला हिशेबाचं, बसून करायचं कामही देता येईल. बोलता बोलता त्यानं धाकट्याकडे पाहिलं, भावानं आता काहीतरी बोलावं अशा नजरेनं.

धाकटा कारखान्यातली यंत्रं सांभाळायचा. जेवणाच्या टेबलावर तो कधीच फार बोलत नसे, पण आज त्याचं ताटही अर्धंच संपलं होतं. "करून टाक सही," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "विषय संपेल."

धाकटीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ ती नजर तशीच ठेवली.

दोघा भावांच्या आईनं कागद मागितला. चष्मा लावून तिनं तो सावकाश वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. हे वाक्य थोरल्याचं नव्हतं. ते आईचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी कटिंगच्या यंत्रात पुस्तकं शिवणाऱ्या एका बाईचा अंगठा गेला, तेव्हा थोरल्याच्या वडिलांनी आईला बोलावून घेतलं होतं, कारण घरात सुवाच्य अक्षर तिचंच होतं. त्यांनी गोळाबेरीज सांगितली आणि वाक्य तिनं जुळवलं. 'स्वतःच्या' हा शब्द तिनंच घातला होता, वाचायला ठाम वाटावा म्हणून. त्या बाईला वाचता येत नव्हतं. तिनं उरलेल्या अंगठ्याचा ठसा दिला आणि पुढच्या महिन्यात ती दिसेनाशी झाली. तो कागद कपाटात कुठेतरी असणार, आणि थोरल्याला तो सापडला असणार. आईनं घडी घालून कागद टेबलावर ठेवला. तिला काय म्हणावं ते सुचत नव्हतं, आणि आपल्याला सुचत नाही याचाच तिला राग आला होता.

"मला खाली जायचंय," धाकटी म्हणाली. "पाचव्यासमोर उभं राहून बघायचंय."

थोरल्यानं नको म्हटलं. तोवर ती उठली होती, आणि बाकीचेही तिच्यामागे जिना उतरले.

रविवारचा कारखाना शांत होता. सरसाचा वास, खिडकीतून फर्म्यांच्या थप्प्यांवर पडलेलं ऊन, आणि टेबलाच्या टोकाला मान खाली घालून उभा असलेला पाचवा. यंत्राखालची फरशी कोणीतरी घासून काढली होती. तो भाग इतर फरशीपेक्षा पांढरा दिसत होता.

धाकट्यानं बटण दाबलं. बायकोच्या डाव्या मनगटाला पट्टाही त्यानंच बांधला, आणि बांधताना बक्कल दोनदा सुटलं. ती फळीखाली हात घालणार नव्हती. तिनं लाकडी मोजपट्टी घेतली, टाकाऊ फर्म्यांचा गठ्ठा ठेवून घेतला आणि मोजपट्टीनं कडा ठोकल्या. डावी. उजवी. तिसऱ्यांदा मोजपट्टी आत गेली तेव्हा फळी खाली आली होती. मोजपट्टीचा तुकडा उडून थोरलीच्या पायाशी पडला.

मग तिनं थोरलीला स्वतःचा पट्टा बांधायला सांगितला. थोरली अडीनडीला टेबलावर बसायची, म्हणून तिचाही पट्टा ऑफिसातल्या खणात होता. मोजपट्टीच्या उरलेल्या तुकड्यानं तिनं तीन थापा मारल्या, मग उगाच आणखी दोन मारल्या. पाचवा थांबून राहिला. तुकडा बाहेर आल्यावरच फळी हलली.

"म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही," थोरली म्हणाली. ती हे कोणाला उद्देशून बोलली नव्हती. "फक्त हिच्याच बाबतीत..."

"माझ्या नावावर तो काय काय शिकलाय ते दाखव," धाकटीनं नवऱ्याला सांगितलं.

थोरला मध्ये आला. चौकशीआधी यंत्राशी असे खेळ बरे नव्हेत, तो म्हणाला. खरं तर या रोबोची आजवरची सगळी शिकवण पुसून टाकणंच शहाणपणाचं. कोरा करू, नव्यानं शिकेल, धोका नको. त्याचा आवाज समजूतदार होता. मग त्यानं भावाला सांगितलं, "आत्ताच पूस."

धाकटा पडद्यासमोर उभा होता. पुसायचं चौकोनी बटण कुठे आहे ते त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. अकरा दिवसांत तो रोज एकदा इथवर आला होता आणि रोज परत गेला होता. पुसलं तर कोणालाच कधी कळणार नव्हतं. आणि मग जन्मभर ते त्याला एकट्यालाच माहीत राहणार होतं. त्यानं बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"पुसायचं कशाला?" थोरली नवऱ्याला म्हणाली. "काही नसेल तर दिसू दे की."

वीस वर्षांत चारचौघांत तिनं नवऱ्याचं म्हणणं असं मोडलं नव्हतं. थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं, पण ती दिराला बाजूला करून पडद्यापाशी गेली होती. यादी तिनंच उघडली आणि तिनंच मोठ्यानं वाचली. बारा दिवसांपूर्वीची तारीख, अपघाताच्या आदल्या दिवसाची. संध्याकाळी, कारखाना सुटल्यावर. शिकवणी, दोन तास दहा मिनिटं. पट्टा धाकटीचा. थापा: दोन.

तारीख वाचून थोरली थांबली. त्या तारखेपर्यंत तीन दिवस धाकटी माहेरी होती, वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं म्हणून, आणि अपघाताच्या सकाळीच परतली होती. तिची मुलगी थोरलीकडेच झोपली होती आणि तिसऱ्या दिवशी तिला ताप आला होता. तारीख चुकणं शक्यच नव्हतं.

"मी इथं नव्हते," धाकटी म्हणाली. "पट्टा आमच्या खोलीतल्या खणात ठेवून गेले होते."

बाकीच्या तिघींचे पट्टे ऑफिसातल्या खुंटीवर असत. घरचं माणूस म्हणून हिचा तेवढा वर असे. त्या खोलीत आणखी एकच मोठं माणूस राहत होतं, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या.

"दादानं मागितला," धाकटा म्हणाला. "मी काढून दिला."

त्यानंतर थोरला बरंच बोलला. तीन थापांत वेळ जातो हे त्यानं धाकटीला दोनदा सांगितलं होतं. ती म्हणाली होती, जाड पुस्तकाची पाठ दोन थापांत वाकडी बसते. बारा हजार पुस्तकं, प्रत्येकी एक थाप, किती तास वाचतात त्याचा तिनं हिशेब केला होता का? स्वतःचा पट्टा बांधून शिकवलं असतं तर पाचवा फक्त त्याच्यासोबत भरभर चालला असता, म्हणून तिचा लागला. तिचं वाईट व्हावं असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. फळी लवकर येते हे दिसलं की तीही आपोआप हात आवरता घेईल, चार दिवसांत सवय होईल, एवढाच विचार होता.

"म्हणजे यंत्रानं मला वळण लावायचं होतं," धाकटी म्हणाली. "तुम्ही सांगून मी ऐकलं नाही, म्हणून. आणि हे मला कळूही द्यायचं नव्हतं."

"तुला सांगितलं असतं तर तू टेबलावर बसली असतीस का?"

"नसते बसले. म्हणूनच सांगायचं असतं, दादा."

धाकटी नवऱ्याकडे वळली. आता मात्र तिचा आवाज थरथरत होता, आणि ती तो आवरायच्या फंदातही पडली नाही.

"अकरा दिवस तू मला भरवतोयस. माझे केस विंचरतोयस. आणि मी रोज रात्री तुला विचारतेय, माझं कुठं चुकलं असेल रे? तू म्हणायचास, जाऊ दे, आठवू नकोस. मी पाचव्याला दोष देत होते. मग स्वतःला देत होते. तू समोर बसून ऐकत होतास."

"तुझी बोटं जातील असं मला वाटलं नव्हतं," धाकटा म्हणाला.

"पट्टा देताना काय वाटलं होतं?"

त्याला दादाला नाही म्हणता आलं नव्हतं. लहानपणापासून कधीच आलं नव्हतं. हे तो सांगू शकला असता, आणि ते खरंही होतं, पण बायकोच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघत त्याला ते तोंडातून काढवेना.

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिनं थोरलीकडे कोरा कागद मागितला आणि टेबलावर जागा करून बसली. "तू सांग," ती धाकटीला म्हणाली. "मी लिहिते."

"आई, तू काय करतेयस याचा विचार केलायस का?" थोरल्यानं विचारलं.

"तुझ्या वडिलांच्या सांगण्यावरून मी एकदा लिहिलंय," आई म्हणाली. "त्या बाईचं नावसुद्धा मला आता आठवत नाही. तो कागद तुला सापडला, आणि तुला त्यातलं वाक्य तेवढं उचलावंसं वाटलं." तिचं अक्षर आता कापरं झालं होतं, तरी तिनं दीड पान लिहून काढलं, आणि धाकटी जिथे अडली तिथे ती स्वतःही थांबून राहिली, एकही शब्द पदरचा घातला नाही.

सोमवारी निरीक्षक नऊ वाजता आल्या. टेबलावरच्या तिघी बायका कामावर आल्या होत्या, त्यांना बाहेर अंगणात थांबायला सांगितलं होतं. निरीक्षकांनी जबाब वाचला, रोबो चालवून पाहिला, यादी पाहिली. धाकट्यानं काहीही पुसलं नव्हतं. मग त्यांनी आपला छापील तक्ता काढला आणि अपघाताचं कारण लिहायच्या जागी पेन रोखून धरलं. तिथे दोनच रकाने होते, यंत्रदोष आणि कामगारदोष.

"यंत्राला शिकवलं तसं ते वागलं," धाकटी म्हणाली. "मी चार वर्षं वागत होते तशीच वागले. यात दोष कोणाचा मांडणार?"

निरीक्षक म्हणाल्या की त्यांना समजतंय, पण तक्ता वरून असाच छापून येतो, तिसरा रकाना त्यात नाही.

"मग आखा."

थोरला पुढे झाला. ही घरातली गोष्ट आहे, त्यानं निरीक्षकांना विनवलं, आम्ही घरात मिटवू.

"बोटं गेली तेव्हा ती घरातली गोष्ट नव्हती," धाकटी म्हणाली. "तेव्हा ती माझ्या एकटीची चूक होती. कागदावर तसंच छापलं होतं तुम्ही. कागद तुमच्यापर्यंत आला, आणि लगेच घर आठवलं."

निरीक्षकांनी टेबलावरची फूटपट्टी ओढून घेतली, समासात शाईनं उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, शिकवणाऱ्याचा दोष. खाली दोन नावं लिहिली. साक्षीदाराच्या जागी थोरलीनं सही केली. धाकट्याला आपल्या नावापुढे सही करायला सांगितली तेव्हा त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्यानं सही केली.

निघण्यापूर्वी निरीक्षकांनी यादी आणखी मागे नेली. त्या बराच वेळ वाचत होत्या. मग त्यांनी पडदा धाकटीकडे वळवला. गेल्या वर्षीच्या दोन सुट्ट्यांचे दिवस होते. शिकवणी, अर्धा अर्धा तास. पट्टे बाकीच्या तिघींचे.

धाकटीनं मान वर केली नाही. तिला आठवलं, गेल्या पावसाळ्यात टेबलावरच्या सगळ्यात वयस्कर बाईचं नख काळं पडलं होतं आणि तिनं हसून म्हटलं होतं, वय झालं, हात आता मंद झाले माझे.

यंत्राला सील लागलं. शब्दकोशांचं काम त्या आठवड्यात दुसरीकडे गेलं. थोरल्याला वर्षभर यंत्राजवळ जायची मनाई झाली, आणि कारखान्याच्या किल्ल्या थोरलीनं मागून घेतल्या. पण हे सगळं पुढच्या दिवसांत झालं. त्या सकाळी निरीक्षकांची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा धाकटा बायकोजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, दमली असशील, वर चल.

"तू जा," ती म्हणाली. "मला बाहेर बोलायचंय."

ती ऑफिसात गेली. खुंटीवरचे तिन्ही पट्टे तिनं डाव्या हातानं एकेक करून काढले, ते हातात मावेनात तेव्हा गळ्यातल्या झोळीत, बँडेजशेजारी ठेवले, आणि अंगणात उभ्या असलेल्या तिघींकडे चालत गेली.